तीन रुळांची गाडी

"आमी मोटरी भरतो, बाई. खेळण्याचं काम न्हाई करत," शकुबाईंनी मान वर न करताच सांगितलं.

त्यांच्या पुढ्यात पाच हॉर्सपॉवरची मोटर उघडी पडली होती. हातातल्या बांबूच्या पट्टीनं त्या तांब्याच्या तारांचा एकेक झुपका खाचेत दाबून बसवत होत्या. मार्च लागला होता. रस्त्यापलीकडच्या आवारात हळद शिजत होती आणि तिची वाफ दुकानात शिरून टेबलावरच्या काचेवर धरत होती.

काउंटरवर लोखंडी ट्रंक ठेवून उभी असलेली बाई काही हलली नाही. "खेळणं आहे, पण आत मोटर आहे. खरीखुरी," ती म्हणाली. "तीन दुकानं फिरून आले. मोबाइलवाला म्हणाला, फेकून द्या. टीव्हीवाल्यानं झाकण उघडून परत लावलं. त्यानंच सांगितलं, मोंढ्याच्या बाजारामागं शकुबाई आहेत, त्यांना एकदा दाखवा."

तिनं ट्रंकेचं झाकण उघडलं. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं वीतभर लांबीचं इंजिन बाहेर काढून तिनं टेबलावर ठेवलं. हिरवा रंग, चाकांना जोडणारे बारीक दांडे, पुढं पितळेचं टिकलीएवढं दिव्याचं घर. शकुबाईंनी पट्टी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि इंजिन उचललं. भरल्या तांब्याएवढं जड होतं. त्यांनी ते उलटं केलं, चाकं अंगठ्यानं फिरवून बघितली. चाकं चिकटली होती.

ट्रंकेत दोन डबे, वायर लावलेलं एक काळं खोकं आणि पत्र्याच्या पट्ट्यांवर बसवलेले रुळाचे तुकडे होते. प्रत्येक तुकड्याला तीन रूळ.

"ह्ये मधलं कशाला?" शकुबाईंनी स्वतःलाच विचारलं आणि इंजिनाच्या पोटाखालची सपाट पत्र्याची जीभ बोटानं दाबून बघितली. ती स्प्रिंगवर खालीवर झाली. "आस्सं. वीज मधून येती न् कडेनं माघारी जाती. कोण्या हुशार माणसाचं काम हाय."

आलेल्या बाईचं नाव राजनंदिनी. नाशिकला कॉलेजात शिकवत होती. तिचे वडील व्यंकटराव स्टेशनमास्तर म्हणून रिटायर होऊन वसमतमध्येच राहिले होते. आता चौऱ्याऐंशीचे झाले, आई गेलेली, एकट्यानं निभेना, म्हणून रविवारी ती त्यांना कायमचं नाशिकला नेणार होती.

"घर आवरताना माळ्यावर ही ट्रंक सापडली. आजोबांची आहे. ते निजामाच्या रेल्वेत ड्रायव्हर होते. इथून मायदेशी जाणाऱ्या कुण्या इंग्रज साहेबानं त्यांना दिली. बाबांना विचारलं, न्यायची का? तर म्हणाले, मेलेली गाडी कशाला न्यायची. आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत."

"कवापासून बंद हाय?"

"मी पाचेक वर्षांची असेन. त्र्याऐंशी साल. कुणी तरी मिस्त्रीनं बिघडवली म्हणतात. त्यानंतर बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही. मी इथं घेऊन आलेय हेही त्यांना ठाऊक नाही." तिनं ट्रंक पुढं सरकवली. "रविवारपर्यंत होईल का हो?"

"व्हईल म्हणत न्हाई मी. बगते म्हणते," शकुबाई म्हणाल्या. "ठिवून जा."

दुकानावर पाटी होती 'अंगद वायंडिंग वर्क्स'. अंगद मिस्त्री जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण पाटी बदलायचं शकुबाईंच्या मनात कधी आलं नाही. तशी पहिली वीस-बावीस वर्षं त्या दुकानात बसतच नव्हत्या. त्या घरी चुलीपाशी बसून लाकडी ठोकळ्यावर तार गुंडाळायच्या, मिस्त्री ती दुकानात नेऊन मोटरीत बसवायचे, आणि शेतकरी मिस्त्रींच्या हाताला वाखाणत मोटर घेऊन जायचे. मग मिस्त्रींना दम्यानं धरलं. वार्निशाचा वास सोसेना. तेव्हा एका सकाळी शकुबाई भाकरीचं फडकं घेऊन दुकानात आल्या ते त्यांच्या खुर्चीवर बसल्याच.

सुरुवातीला लोक बिचकले. जवळा बाजारचे नामाजी नावाचे म्हातारे शेतकरी तर "मिस्त्री येऊ द्या, मग बगू" म्हणत मोटर परत बैलगाडीत घालून घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी तीच मोटर दुसरीकडून भरून, दुसऱ्यांदा जाळून, त्यांनी शकुबाईंच्या पायरीशी आणून ठेवली आणि काही न बोलता बिडी पेटवली. शकुबाईंनीही काही विचारलं नाही. ती मोटर अकरा वर्षं चालली. पुढं पुढं लोक कानाची गोष्ट सांगू लागले. शकुबाई चालत्या मोटरीपाशी नुसत्या उभ्या राहिल्या तरी बेअरिंग गेलंय की वायंडिंग तापतंय हे सांगायच्या. त्यात काही चमत्कार नव्हता. नरसीजवळच्या धनगराची लेक ती. दोनशे मेंढरांच्या कळपातून कोणतं कोकरू आजारी आहे हे अंधारात आवाजावरून ओळखायला ती आठव्या वर्षीच शिकली होती.

शुक्रवारी सकाळी हातातली मोटर पुरी करून त्यांनी गाडी पुढं घेतली. शकुबाईंची पद्धत ठरलेली. वीज जिथून आत येते तिथून सुरुवात करायची आणि तिच्या मागं मागं चालत राहायचं. जिथं ती थांबली तिथं आपण थांबायचं.

पहिली थांबली ती वायरीतच. भिंतीतून वीज घेणाऱ्या काळ्या खोक्याची रबरी वायर हात लावताच शिळ्या भाकरीसारखी कुसकरली. ही तशीच कुणी बटणात घातली असती तर झटका बसून माणूस गेलं असतं. त्यांनी ती मुळापासून कापली आणि नवी लावली. खोक्यात वीज शिरली, आतल्या गुंडाळीतून कमी होऊन बाहेरही आली, पण पुढं चौकोनी पत्र्यांची एक चवड होती तिथं अडली. चवडीला सडक्या मुळ्यासारखा वास येत होता.

शकुबाईंनी नाक मुरडलं. येणारी-जाणारी वीज एका दिशेची करायचं काम ही चवड करत असणार, हे त्यांनी वायरी कुठं जातात त्यावरून ताडलं. आता त्याच कामाला करदोड्याच्या मण्याएवढे चार डायोड पुरतात. एका जुन्या इन्व्हर्टरच्या सर्किट-पाटीवरून त्यांनी चार काढले आणि चवडीच्या जागी लावले. चवड मात्र टाकून दिली नाही. कागदात बांधून ट्रंकेत ठेवली. ज्याची वस्तू त्याला परत जायला पाहिजे.

मग इंजिन. त्याला थेट खोक्यावर घालायची घाई त्यांनी केली नाही. फवारणीच्या पंपाची बारा व्होल्टची बॅटरी त्यांच्याकडं चार्जिंगला आलेली होती. तिच्या दोन वायरी त्यांनी इंजिनाच्या जिभेला आणि चाकाला टेकवल्या.

काहीच नाही. ठिणगीसुद्धा नाही.

त्यांनी वरचा सांगाडा काढला. आत मोटर होती, सुपारीएवढी. तेल वाळून गुळासारखं झालं होतं आणि कार्बनच्या दोन कांड्या त्या गुळात रुतून बसल्या होत्या. तांब्याच्या गोल चकतीवर काळा थर, चकतीचे तीन भाग वेगळे करणाऱ्या फटी काजळीनं भरलेल्या. गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून शकुबाईंना बारीक दिसत होतं, तरी भिंग लागलंच. शिवणाच्या सुईनं त्यांनी एकेक फट कोरली, पेट्रोलाच्या बोळ्यानं चकती पुसली, कार्बनच्या स्प्रिंगा जरा ताणून बसवल्या. या कामाला दुपार झाली. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यांनी हातानंच बसायची खूण केली.

पुन्हा बॅटरी लावली. इंजिनाला हिसका बसला. चाकं अर्धा फेर फिरली आणि थांबली. बोटानं जरा ढकललं तर गरकन फिरली, मग लंगडत लंगडत परत थांबली. दहादा करून बघितलं. दहाही वेळा त्याच जागी.

"एका पायानं लंगडा हाय रे तू," शकुबाई पुटपुटल्या. थांबते त्या जागी त्यांनी खडूनं खूण केली आणि मीटर लावला. चकतीचे तीन भाग. प्रत्येक दोहोंच्या मध्ये मीटरनं सारखाच आकडा दाखवायला हवा. एका जोडीत आकडा बरोबर आला. तिसऱ्या भागाशी लावलं की काटा थरथरायचा आणि पडायचा. म्हणजे दोष तिथंच. एक तर तार तुटली होती, नाही तर सुटली होती.

त्यांनी फिरता गाभा बाहेर काढला. तीन पाकळ्या, तिन्हींवर केसासारखी तार. तार बघताच त्यांना कळलं की हे कारखान्यातलं वायंडिंग नाही. कुणीतरी हातानं भरलेलं आहे. एकदा जळल्यावर परत भरलेलं. पण भरणाऱ्याचा हात चांगला होता. वेढे एकाला एक लागून, कुठं उसवलेलं नाही. तारांची टोकं दांड्यापाशी एकत्र करून सुती दोऱ्यानं बांधली होती. शकुबाईंनी भिंग त्या दोऱ्यावर धरलं.

दोऱ्याला दुहेरी गाठ होती. एक वेढा उलटा घेऊन त्याच्याच पोटातून काढलेली.

घोंगडी विणून झाली की तिच्या कडेच्या दशांना आई अशी गाठ मारायची. आईनं ती शकूला शिकवली होती. गेली चाळीस वर्षं शकुबाई प्रत्येक मोटरीच्या तारा याच गाठीनं बांधत होत्या. वसमतमध्ये दुसरं कुणी ही गाठ मारत नव्हतं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. उठून माठातलं पाणी प्यायल्या. परत येऊन पुन्हा बघितलं. गाठ तीच होती.

मग त्यांना आठवलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. अंगद तेव्हा स्टेशनाच्या क्वार्टरमधले पंखे दुरुस्त करायचा. एके दिवशी तो रुमालात बांधून सुपारीएवढं काहीतरी घरी घेऊन आला. "शकू, माझी बोटं जाड हायत. तुज्यानं व्हतंय का बग. सायबाच्या घरचं खेळणं हाय," म्हणाला. जळकी तार उकलताना किती वेढे ते मोजायला त्यानं सांगितलं आणि तितकेच नवे घालायला. तिनं आयुष्यात पहिल्यांदा तार हातात घेतली ती तेव्हा. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तो ते घेऊन गेला आणि संध्याकाळी आला तेव्हा तिनं दारातच विचारलं होतं, "चाललं का?"

"चाललं की! सायेब एकदम खूश," अंगद म्हणाला होता.

त्या आनंदातच तर तिनं पुढची मोटर मागितली होती.

शकुबाईंनी चकतीच्या तिसऱ्या भागावरचा झाळलेला कथलाचा डाग सुईच्या टोकानं उचकला. डाग सहज निघून आला. त्याच्या खाली तारेचं टोक तांबूस, चकचकीत, झिलईसकट जसंच्या तसं होतं. तार झाळण्याआधी वरची झिलई खरवडावी लागते, नाहीतर डाग नुसता वर चिकटतो आणि आत वीज जात नाही. दोन टोकं तिनं खरवडली होती. तिसरं राहिलं होतं. नखाएवढी जागा. काही वेळ ते तसंच टेकून चाललं असेल, मग गरम होऊन सुटलं असेल.

आणि आता दुसरी गोष्ट आठवली. साहेब खूश झाल्याच्या तीन-चार दिवसांनंतर अंगद दाढीचं पातं घेऊन चुलीपाशी येऊन बसला होता. "शकू, हिकडं बग. तार झाळायच्या आधी अशी खरवडायची. हिच्यावर झिलई असती, दिसत न्हाई. चारी अंगानं खरवडायची," असं म्हणत त्यानं तिच्याकडून वीस-पंचवीस टोकं खरवडून घेतली होती. तिला वाटलं होतं, पुढचं शिकवतोय. त्यानंतर क्वार्टरचे पंखे यायचे बंद झाले. तिनं विचारलं तेव्हा "पंख्यात काय दम न्हाई. आपण शेतातल्या मोटरी भरू," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर बत्तीस वर्षं मिस्त्री तिच्यासोबत होते. एका शब्दानं बोलले नाहीत.

सगळं वायंडिंग उकलून नवं भरणं शकुबाईंना अवघड नव्हतं. उकललं की गाठही गेली असती आणि कुणाला कधी काही कळलं नसतं. त्यांनी पातं घेतलं. तिसरं टोक चारी अंगानं खरवडलं, लाल तांबं उघडं केलं आणि डाग दिला. बाकी कशालाही हात लावला नाही. मीटरनं तिन्ही जोड्यांत सारखा आकडा दाखवला. बॅटरी लावताच चाकं अशी फिरू लागली की दांडे नजरेला दिसेनात.

शनिवारी सकाळी दुकान बंद ठेवून त्या ट्रंक घेऊन व्यंकटरावांच्या घरी गेल्या. घरात खोक्यांची रास होती. भिंतीवर फोटो होते तिथं पांढरे चौकोन उरले होते. ओसरीत व्यंकटराव आरामखुर्चीत बसले होते, मांडीवर घडी केलेला पेपर, हाताशी काठी. ट्रंक बघून ते ताठ झाले.

"ही कुठं नेली होती?"

"बाबा, दुरुस्तीला दिली होती. या शकुबाई. चालू झालीय म्हणतात," राजनंदिनी म्हणाली.

"कुठल्या दुकानात?"

"मोंढ्यामागं. अंगद वायंडिंग."

व्यंकटरावांनी काठी उचलून जमिनीवर आपटली. "अंगद! पुन्हा त्याच्याच दुकानात? वसमतमध्ये दुसरं कुणी नव्हतं तुला?"

राजनंदिनी गोंधळून एकदा वडलांकडं, एकदा शकुबाईंकडं बघू लागली. शकुबाई उंबऱ्याच्या आत आल्या आणि ट्रंक खाली ठेवून तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"मी त्येंची बायको, सायेब."

"असाल." म्हाताऱ्यानं काठी मांडीवर आडवी घेतली. "तुम्हाला सांगून काय उपयोग. आमचे वडील अंथरुणाला खिळले होते. उभी हयात इंजिनावर गेली त्यांची. म्हणाले, व्यंकट, ती गाडी एकदा चालताना दाखव. तुमच्या मिस्त्रीनं भरून आणली. त्यांच्या खाटेभोवती रूळ मांडले. दोन फेऱ्या मारल्या अन् थांबली. वडील म्हणाले, येईल, थांबा. हात वर करून बसले होते, ड्रायव्हर लाईन क्लिअरच्या इशाऱ्याची वाट बघतो तसे. आठ दिवसांनी गेले." त्यांनी मांडीवरच्या पेपरची घडी दाबली. "मी तुमच्या मिस्त्रीला चार माणसांत बोललो. पुन्हा क्वार्टरची पायरी चढू नको म्हणालो. आजही म्हणतो, बराबर बोललो."

"बराबर न्हाई बोललात," शकुबाई म्हणाल्या.

राजनंदिनी वडलांच्या खुर्चीजवळ सरकली.

"ज्येला बोललात त्येचा हात त्या तारंला लागलाच न्हवता, सायेब. तार म्या भरली व्हती. मी तवा एकोणीस वर्साची. पयलीच येळ. तीन टोकं खरवडायची असत्यात, माज्याकून एक राह्यलं. म्हणून थांबली तुमची गाडी. माज्यामुळं." त्यांनी रुमालाची गाठ सोडून कालचा निघालेला डाग, भाताच्या शितासारखा, पुढं धरला. "ह्ये बगा. तुमच्या वडलाचं ऐकून लई वाईट वाटलं. त्येंची मला माफी मागता येत न्हाई. तुमची मागते."

व्यंकटरावांनी तो डाग घेतला नाही. ते शकुबाईंच्या हाताकडं बघत राहिले.

"मग तो बोलला काहून नाही?" शेवटी ते म्हणाले.

"मला बी न्हाई बोलले. गाडी चालली म्हणून सांगितलं. मला काल कळलं, गाडी उघडल्यावर."

"मी विचारलं होतं त्याला," व्यंकटराव सावकाश म्हणाले. आता ते कुणाशी बोलत होते ते सांगणं कठीण होतं. "हात कुणाचा लागला याला, असं विचारलं होतं. 'माझाच, साहेब,' म्हणाला. मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, लाजला. आणखी बोललो त्याला."

बाहेरून हळदीच्या कढईखाली लाकडं सारल्याचा आवाज आला. मग व्यंकटरावांनी पेपर बाजूला ठेवला.

"लावा," ते म्हणाले.

शकुबाईंनी आणि राजनंदिनीनं ओसरीच्या फरशीवर रुळाचे बारा तुकडे जोडून वर्तुळ केलं. काळं खोकं व्यंकटरावांच्या खुर्चीशी ठेवलं. इंजिनामागं दोन डबे जोडले. शकुबाईंनी बटण दाबलं आणि व्यंकटरावांना खोक्यावरची वेगाची मूठ फिरवायला सांगितली. त्यांनी ती फिरवली नाही. "तुम्हीच," म्हणाले.

गाडी निघाली. वळण घेतलं, खोक्यांच्या राशीजवळून गेली आणि अर्ध्यावर जाऊन थांबली.

शकुबाई गुडघ्यांवर सरकत इंजिनाकडं गेल्या, ते उचलून पोट तपासू लागल्या.

"इंजिन नका बघू," वरून आवाज आला. व्यंकटराव खुर्चीत पुढं झुकले होते. "इंजिन थांबताना लंगडलं नाही. एकदम मेलं. म्हणजे करंटच गेला. लाईन बघा. मागचा सांधा."

शकुबाईंनी त्यांच्याकडं वळून बघितलं. मग पिशवीतला छोटा बल्ब काढून त्याच्या दोन वायरी मधल्या आणि कडेच्या रुळाला टेकवल्या. सांध्याच्या अलीकडं बल्ब लागला. पलीकडं, पुढच्या सांध्यापर्यंत, कुठंच लागला नाही.

"बराबर हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "रूळ वरून घासले म्या. सांध्याच्या आत घासायचं राह्यलं."

"सगळ्यांचं तेच राहतं. आम्ही गँगमनला रोज ओरडायचो." काठी भिंतीला टेकवून व्यंकटराव खुर्चीवरून उतरू लागले. राजनंदिनी धावली, पण त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि खुर्चीचा दांडा धरून फरशीवर बसले. "पॉलिश पेपर आहे? द्या इकडं. दोन रूळ जोडणारी ही नळी जरा पकडीनं आवळा, सैल झालीय."

मग चौऱ्याऐंशी वर्षांचा स्टेशनमास्तर आणि साठीची मिस्त्रीण असे दोघं समोरासमोर बसून बाराही सांधे घासत राहिले. एकानं घासायचं, दुसऱ्यानं आवळून बल्ब लावून बघायचा. मधेच व्यंकटरावांनी विचारलं, या खोक्यातली चवड बदलली का. शकुबाईंनी चार डायोड दाखवले. त्यांनी ते चष्म्याजवळ नेऊन बघितले आणि "जुनी पण ठेवलीत," असं ट्रंकेतल्या कागदाकडं बघत म्हणाले. राजनंदिनीनं चहा आणून ठेवला तो गार झाला.

बाराव्या सांध्यापलीकडं बल्ब लागला तेव्हा व्यंकटरावांनी स्वतः मूठ धरली. गाडी हळू निघाली. वळण, खोकी, मघा थांबली ती जागा, आणि ती ओलांडून पुढं. पहिली फेरी. दुसरी फेरी. शकुबाईंची नजर इंजिनावर होती आणि कान मोटरीवर. तिसरी फेरी घेऊन गाडी त्यांच्या गुडघ्याजवळून गेली तेव्हा आवाज पहिल्यासारखाच होता. चौथी, पाचवी. तेलाचा आणि तापल्या धुळीचा बारीक वास ओसरीत पसरला.

"दोन फेऱ्या त्या दिवशीही मारल्या होत्या तिनं," व्यंकटराव गाडीवरून नजर न काढता म्हणाले. "वडलांनी बघितल्या. हसले होते. बरेच दिवसांनी हसले होते. त्या दोन फेऱ्या तुमच्याच हातच्या म्हणायच्या, बाई."

शकुबाईंनी मान हलवली.

गाडी थांबल्यावर त्यांनी राजनंदिनीला कुठं तेल घालायचं ते दाखवलं. शिलाई मशीनचं तेल, सुईच्या टोकावर मावेल एवढंच, जास्त घातलं तर पुन्हा गूळ होतो. महिन्यातून एकदा तरी चालवायची. बंद ठेवली की रुसते. राजनंदिनीनं सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

"मिस्त्री आता नाहीत का?" व्यंकटरावांनी विचारलं.

"नऊ वर्सं झाली. पावसाळ्यात. दम्याची तकलीफ लई व्हती."

"मोंढ्यावरून शंभरदा गेलो असेन," ते म्हणाले. "दुकानाकडं बघायचं नाही म्हणून दुसऱ्या कडेनं जायचो."

शकुबाईंनी पिशवीत पकड, मीटर, बल्ब भरला. निघताना त्या उंबऱ्याशी वाकल्या तेव्हा व्यंकटरावांनी घाईनं दोन्ही हात पुढं केले, "नको, नको" म्हणाले. त्या तशाच नमस्कार करून पायऱ्या उतरल्या.

ऊन चढलं होतं. गल्लीत हळदीचे ढीग वाळत पडले होते आणि त्यातून जायला कडेनं अरुंद वाट ठेवली होती. मागून राजनंदिनीचा आवाज आला, "बाबा, काठी तरी घ्या हातात."

गल्लीच्या वळणावर शकुबाईंनी मागं वळून बघितलं. गाडी सुटताना स्टेशनमास्तर फलाटावर उभा राहतो तसे व्यंकटराव ओट्यावर उभे होते. काठी आतच राहिली होती. एका हातानं त्यांनी दाराची चौकट धरली होती आणि दुसरा हात अंगाशी सरळ होता. शकुबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि वळण घेतलं.